कोलोनोस्कोपीत कोंब सापडला. आता वयाचा हिशेब कसा लावायचा?

“मुलाला अजून चाळिशी लागली नाही, मग त्याच्या आतड्यात कोंब कसा?” आणि “आईने पंच्याहत्तरी ओलांडली, तिला परत दुर्बिणीला न्यायचे का?” कोयनानगर, हेळवाक, पाटण या पट्ट्यातल्या वाचकांकडून हे दोन प्रश्न सतत येतात. पहिल्या घरात धास्ती असते, दुसऱ्या घरात थकवा. रिपोर्ट मात्र दोन्हीकडे सारखाच वाचला जातो. ‘पॉलिप’ एवढे दिसले की कागदाची घडी होते आणि मुंबईच्या मुलाला फोन लागतो.

पॉलिप म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेला कोंब. तो किती धोक्याचा, हे त्याची जात, आकार आणि संख्या यांवरून कळते. तुमचे वय सांगते ते पुढचे: काय शोधायचे, घरात आणखी कोणाला तपासायचे, पुढची तारीख कधीची घ्यायची आणि कोणत्या वयाला हे सत्र थांबवायचे. आठ वर्षांच्या मुलाचा, पस्तिशीतल्या माणसाचा आणि अठ्ठ्याहत्तरीच्या आजींचा पॉलिप एकाच मापाने मोजला, तर एकाच्या बाबतीत हयगय होते आणि दुसऱ्याला उगाच त्रास.

आधी दोन्ही कागद हातात घ्या

कोलोनोस्कोपीचे कागद दोन असतात. पहिला त्याच दिवशी मिळतो. त्यावर आतड्याची छायाचित्रे असतात. दुसरा, म्हणजे काढलेल्या तुकड्याचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, काही दिवसांनी येतो. कराड कोयनानगरहून साठेक किलोमीटर. “सगळे ठीक असेल तर कशाला जायचे” म्हणून दुसरा कागद आणायचा राहून जातो, आणि खरा निर्णय त्याच कागदावर असतो. तो फोनवर ऐकून समाधान मानू नका. प्रत घ्या, फाइलला लावा.

पहिल्या कागदावर हे पाहा:

- दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे ‘सीकम’पर्यंत पोहोचली का?
- आतडे किती स्वच्छ होते? अनेक ठिकाणी 9 पैकी गुण लिहितात. एकूण 6 किंवा अधिक आणि आतड्याच्या तिन्ही भागांना किमान 2-2 गुण असतील, तर तपासणी भरवशाची. आतडे अस्वच्छ असेल, तर ‘काही सापडले नाही’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. वर्षाच्या आत पुन्हा तपासावे लागते.
- पॉलिप किती, कुठे, किती मिलिमीटरचे?
- पॉलिप पूर्ण काढला की नुसता तुकडा घेतला? पूर्ण काढला असेल, तर एकसंध की तुकड्यातुकड्याने?

दुसऱ्या कागदावर जात लिहिलेली असते. ‘अॅडेनोमा’ आणि ‘सेसाइल सेरेटेड’ या जातींतून पुढे कर्करोग होऊ शकतो. पण सगळ्यांतून होत नाही, आणि ज्यातून होतो त्यालाही सहसा दहाएक वर्षे लागतात. गुदाशयाजवळचा छोटा ‘हायपरप्लास्टिक’ पॉलिप जवळजवळ निरुपद्रवी असतो. ‘इन्फ्लमेटरी’ म्हणजे आतड्याला सूज आहे. तिथे सुजेचे कारण शोधायचे. ‘हाय ग्रेड डिस्प्लेसिया’ किंवा ‘व्हिलस’ असे शब्द असतील, किंवा आकार 10 मिलिमीटर वा अधिक असेल, तर वय कोणतेही असो, तो पॉलिप गंभीरपणे घ्यायचा.

तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत आपल्याकडे फार खोलवर आहे. तसे होत नाही. उलट अॅडेनोमा वेळेवर काढून टाकला, तर त्यातून होऊ शकणारा कर्करोग टळतो.

लहान मुलांच्या बाबतीत

दोन ते दहा वर्षांच्या मुलाला न दुखता शौचातून ताजे रक्त जात असेल, तर त्यामागे बऱ्याचदा ‘ज्युवेनाइल पॉलिप’ निघतो. बहुतेकदा तो एकच असतो, गुदाशयाजवळ असतो आणि काढला की प्रश्न मिटतो. मात्र असे पाच किंवा अधिक पॉलिप सापडले किंवा घरात आणखी कोणाला सापडले असतील, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. मग मोठ्या केंद्रातल्या बालरोग पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. ‘जंत असतील’ म्हणून महिनोन्महिने औषधे देत राहू नका.

चाळिशीच्या आत सापडला, तर

या वयात अॅडेनोमा कमी आढळतो, म्हणूनच आढळला तर त्याची चौकशी जास्त करायची. इथे सगळ्यात मोठी चूक घडते ती दुर्बिणीच्या आधी. शौचातून रक्त गेले की ‘मूळव्याध’ म्हणून मलम, चूर्ण, क्षारसूत्र सुरू होते. मूळव्याध असतेही, पण तिच्या वर आणखी काही आहे का, हे कोणी पाहत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 2017 मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या 800 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत होते. याचा अर्थ तरुणांना हा रोग म्हाताऱ्यांपेक्षा जास्त होतो असा नाही. आपल्याकडे लोकसंख्या तरुण असल्याने सरासरी खाली येते. वय वाढते तसा प्रत्येकाचा धोका वाढतोच. पण ‘एवढ्या तरुणाला काय होणार’ असे म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करण्याची सोय हा आढावा आपल्याला ठेवत नाही.

पुढील गोष्टी असतील, तर वय न पाहता तपासणी मागा: शौचातून वारंवार रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटणारे वजन आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय. यातला शेवटचा मुद्दा विशेषतः पुरुषांनी आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांनी मनावर घ्यावा. त्यांचे हिमोग्लोबिन उगाच उतरत नाही. लोहाच्या गोळ्यांनी आकडा वर येतो, पण आत कुठे रक्त झिरपत असेल, तर ते तसेच राहते.

आपल्या देशात आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. तरुण माणसाच्या आतड्यात, विशेषतः लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथे, दिसणारी गाठ आतड्याच्या क्षयाचीही असू शकते. गुदाशयातला जुनाट व्रणही कोंबासारखा दिसतो. म्हणून नुसत्या छायाचित्रावरून निदान पक्के करून रडारड नको आणि औषधेही नकोत. बायोप्सीचा कागद येऊ द्या.

अॅडेनोमाच निघाला, तर घराण्याची चौकशी करा. आई, वडील, भाऊ, बहीण, मुले यांच्यापैकी कोणाला आतड्याचा कर्करोग झाला होता का? कितव्या वर्षी? आत्या, मावशी, आजी यांना गर्भाशयाचा कर्करोग? ‘पोटाच्या आजाराने गेले’ एवढेच ठाऊक असेल, तर जुने कागद शोधा. त्यावरून पुढचे ठरते:

- सख्ख्या नात्यात साठीच्या आत कर्करोग किंवा वर सांगितलेला गंभीर पॉलिप असेल, तर पहिली कोलोनोस्कोपी 40 व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या 10 वर्षे आधी. यातले जे आधी येईल ते. म्हणजे आईला 48 व्या वर्षी निदान झाले असेल, तर मुलांनी 38 व्या वर्षी. नंतर साधारण दर 5 वर्षांनी.
- ‘लिंच सिंड्रोम’ हा आनुवंशिक प्रकार असलेल्या घराण्यात तपासणी 20 ते 25 वर्षांपासून, दर एक-दोन वर्षांनी.
- आतड्यात शंभरावर पॉलिप असतील, तर तो ‘एफएपी’ नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. पालकाला तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मुलांची तपासणी 10 ते 12 व्या वर्षापासून सुरू करावी लागते, कारण उपचार न केल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ अटळ असतो. अशा घराण्याने जनुकीय समुपदेशन असलेले केंद्र गाठावे. टाटा मेमोरियलमध्ये ते आहे.

इथे कळकळीने सांगायचे आहे: लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीलाही हे कळवा. मुलांना मुंबईला फोन होतो आणि मुलीला ‘उगाच काळजी’ म्हणून काही सांगितले जात नाही. आईबापाचा हा वारसा तिला भावाइतकाच मिळालेला असतो. तिच्या सासरी काय वाटेल, हा प्रश्न तिच्या जिवापेक्षा मोठा नाही.

पंचेचाळीस ते पंच्याहत्तर

पॉलिप सापडण्याचे हे मुख्य वय. पन्नाशीनंतर अॅडेनोमा आढळणे पाश्चात्त्य देशांत अगदी नेहमीचे आहे. आपल्याकडे त्याहून कमी, आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षा जास्त. अमेरिकेत लक्षणे नसलेल्यांची तपासणी पूर्वी पन्नाशीला सुरू होई. 2021 मध्ये तिथल्या तज्ज्ञगटाने ती 45 वर आणली. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. त्यामुळे लक्षण नाही, घराण्यातही काही नाही, अशा माणसाने केवळ वाढदिवस आला म्हणून कर्ज काढून दुर्बीण करून घ्यावी, असे मी म्हणणार नाही. शौचातले न दिसणारे रक्त शोधणारी ‘फिट’ ही चाचणी स्वस्त आहे. डॉक्टरांशी बोलून तिच्यापासून सुरुवात करता येते. ती पॉझिटिव्ह आली, तर मात्र कोलोनोस्कोपी टाळायची नाही.

पॉलिप सापडला आणि काढला, तर पुढची तारीख कधीची? 2020 च्या अमेरिकन शिफारशी अशा आहेत. त्या स्वच्छ आतडे आणि पूर्ण झालेली तपासणी गृहीत धरतात:

- काहीच नाही, किंवा गुदाशयाजवळ छोटे हायपरप्लास्टिक पॉलिप: 10 वर्षांनी.
- 10 मिलिमीटरपेक्षा लहान 1-2 साधे अॅडेनोमा: 7 ते 10 वर्षांनी.
- तसेच 3-4: 3 ते 5 वर्षांनी.
- 5 ते 10 अॅडेनोमा, किंवा एखादा 10 मिलिमीटर वा मोठा, किंवा व्हिलस, किंवा हाय ग्रेड: 3 वर्षांनी.
- दहापेक्षा जास्त: 1 वर्षाने, आणि जनुकीय तपासणीचा विचार.
- 20 मिलिमीटर वा मोठा पॉलिप तुकड्यांनी काढला असेल: 6 महिन्यांनी.

सेसाइल सेरेटेड पॉलिपच्या तारखा थोड्या वेगळ्या आहेत, त्या डॉक्टरांना विचारा. युरोपातल्या शिफारशी याहून सैल आहेत. चारपर्यंत छोटे, साधे अॅडेनोमा असतील, तर तिथे खास फेरतपासणी सांगतच नाहीत. म्हणून दोन छोटे अॅडेनोमा निघाले असताना कोणी दरवर्षी दुर्बीण सांगितली, तर नम्रपणे कारण विचारा. कारण असूही शकते, आतडे अस्वच्छ होते किंवा पॉलिप पूर्ण निघाला नव्हता. पण ते तुम्हाला कळले पाहिजे.

पंच्याहत्तरीनंतर

इथे घरोघर गोंधळ होतो, आणि तो प्रेमापोटी होतो. मुंबईचा मुलगा म्हणतो, “काही कसर नको.” गावची सून म्हणते, “त्यांना तो जुलाबाचा त्रास आता सोसवत नाही.” दोघांचेही खरे असते. निर्णय करताना आधी एक गोष्ट वेगळी काढा: तपासणी लक्षणासाठी आहे की नुसती ठरलेली तारीख आली म्हणून?

लक्षण असेल, म्हणजे रक्त जाते, वजन घटते, पोट फुगते, हिमोग्लोबिन उतरते, तर वय आडवे येत नाही. ऐंशीच्या पुढेही तपासणी करतात. ‘आता या वयात काय’ म्हणून माणसाला तसेच सोडणे हा अन्याय आहे.

लक्षण काहीच नसेल आणि पूर्वी एक-दोन छोटे अॅडेनोमा निघाले होते एवढेच असेल, तर तारीख सोडून द्यायला हरकत नाही. छोट्या अॅडेनोमाला कर्करोगापर्यंत जायला दहाएक वर्षे लागतात. 79 व्या वर्षी तो शोधून आयुष्यात भर पडण्याची शक्यता फार थोडी. ब्रिटिश शिफारशींत ही फेरतपासणी साधारण पंच्याहत्तरीपर्यंत, आणि पुढे किमान दहा वर्षे आयुष्य अपेक्षित असेल तरच सांगितली आहे. अमेरिकन तज्ज्ञगट 76 ते 85 या वयात प्रत्येकाचा वेगळा विचार करायला सांगतो आणि त्यापुढे लक्षणाविना तपासणी नको म्हणतो.

जी माणसे या दोन्हींच्या अधेमधे येतात, त्यांच्यासाठी विचार करावा लागतो. मोठा पॉलिप 74 व्या वर्षी तुकड्यांनी काढला असेल, तर सहा महिन्यांची फेरी चुकवू नका; ती मूळ उपचाराचाच भाग आहे. आयुष्यात कधीच तपासणी झालेली नाही आणि 77 वर्षांचे आजोबा अजून रोज शेतावर जाऊन येतात, तर एकदा तपासणीचा विचार योग्य ठरतो. हृदयाचा, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर स्वतःला विचारा: कर्करोग सापडलाच, तरी शस्त्रक्रिया यांना झेपणार आहे का?

आणि हे सगळे बोलताना ज्यांची तपासणी आहे त्यांना खोलीबाहेर बसवू नका. आजींना काय हवे, हे आजींनाच विचारा. त्यांची संमती त्यांचीच असते. मुलाची सही तिची जागा घेत नाही.

म्हाताऱ्या माणसाचा धोका दुर्बिणीइतकाच तिच्या तयारीत असतो. जुलाबाच्या औषधाने अंगातले पाणी आणि क्षार कमी होतात, रक्तदाब पडतो. शौचालय अंगणापलीकडे असेल, बाहेर पाऊस असेल, तर रात्रीतून आठदहा वेळा उठताना पाय घसरतो. त्या रात्री जवळ माणूस जागे ठेवा, पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवा, दिवा विझवू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीच सांगा. सोडियम फॉस्फेटची औषधे अशा माणसांना घातक ठरू शकतात, पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण अधिक सुरक्षित.

कोयनानगरहून तपासणीला जाताना

- आधी फोन. कराडचे कृष्णा रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, घाट उतरून डेरवणचे वालावलकर रुग्णालय, कुठेही जा. पण कोलोनोस्कोपी कोणत्या वारी होते, पॉलिप दिसला तर त्याच वेळी काढतात का, हे आधी विचारा. नाहीतर तीच तयारी दोनदा करावी लागते.
- वेळ. औषधाचा अर्धा भाग आदल्या संध्याकाळी आणि अर्धा तपासणीच्या चार-सहा तास आधी घेतल्यास आतडे चांगले स्वच्छ होते. सकाळी आठची वेळ असेल, तर दुसरा भाग पहाटे तीनला येतो आणि लगेच एसटी पकडणे अशक्य होते. दुपारची वेळ मागा, नाहीतर आदल्या रात्री कराडला पाहुण्यांकडे मुक्काम करा. इथल्या पावसात कुंभार्ली घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. तातडी नसेल, तर जुलै-ऑगस्ट टाळा.
- खाणे. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, उसळी, पालेभाज्या, शेंगदाणे, तीळ-कारळ्याची चटणी, टोमॅटो, वांगी, पेरू बंद. पांढरा भात, मुगाच्या डाळीचे वरण, दही, उकडलेला बटाटा, अंडे चालते. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील त्या वेळेपासून फक्त निवळ पेये: शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, कोरा चहा, वरणाचे वरचे पाणी. कोकम सरबत मात्र नको. त्याचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो.
- औषधे. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी औषधे आपल्या मनाने बंद करू नका. हृदयरोगतज्ज्ञांचा शब्द घ्या. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी नेहमीसारखे घेतले तर साखर खाली जाते, म्हणून त्या दिवसाचे प्रमाण लिहून मागा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या तीन-चार दिवस आधीच थांबवाव्या लागतात.

शेवटी शौचाला पिवळसर, आरपार दिसणारे पाणी आले, की तयारी झाली. अजून गढूळ असेल, तर आत जाण्यापूर्वी नर्सना सांगा.

पॉलिप काढल्यानंतरचे दोन आठवडे

गुंगीचे औषध दिले असेल, तर 24 तास मोटारसायकल चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करायच्या नाहीत. पॉलिप काढलेल्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत कधीही रक्त येऊ शकते. असे थोड्यांनाच होते, पण मोठा पॉलिप असेल तर शक्यता वाढते. शिवसागर जलाशयाच्या पलीकडे, जिथून लाँचशिवाय बाहेर पडता येत नाही अशा गावी राहत असाल, तर काही दिवस अलीकडे नातेवाइकांकडे थांबा. माथाडीचे काम असेल किंवा भातलावणी चालू असेल, तर ओझे कधीपासून उचलायचे ते विचारून घ्या आणि रजेसाठी लेखी चिठ्ठी मागा.

पोटात वाढत जाणारी कळ, पोट लाकडासारखे कडक होणे, ताप, रक्ताच्या गाठी पडणे, चक्कर, यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि ‘पॉलिप काढला आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

पैसे आणि हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण 1 जुलै 2024 पासून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत आहे. मात्र ही योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते. नुसती बाह्यरुग्ण तपासणी तीत बसेलच असे नाही. पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा 155388 वर विचारा. सत्तरी ओलांडलेल्यांना 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड सोबत न्या.

संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीत समजावून मागा. 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. म्हणून पॉलिप दिसल्यास काढायचा की नाही, आणि त्याचा जादा खर्च किती, हे गुंगी येण्याआधीच ठरवा.

तुम्ही मागणी केल्यावर 72 तासांत वैद्यकीय कागदपत्रे देणे 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पॉलिपमध्ये कर्करोग किंवा हाय ग्रेड डिस्प्लेसिया लिहून आला असेल, तर नुसता रिपोर्ट पुरत नाही: प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे मागून घ्या आणि दुसऱ्या केंद्रातल्या पॅथॉलॉजिस्टकडून ते पुन्हा तपासून घ्या. पॉलिप पूर्ण निघाला असेल आणि कडा मोकळ्या असतील, तर काही जणांना मोठी शस्त्रक्रिया लागतही नाही. तो निर्णय त्या काचपट्ट्या पाहूनच होतो, म्हणून मुंबईला जाताना कपड्यांच्या पिशवीत न टाकता त्या हातात ठेवा.